आपली पट्टी किती हर्ट्झची? गाणं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

क्लास लावून दोन महिने झाले होते. मी सा लावला की सर डोळे मिटूनच म्हणायचे, "उतरलाय, जरा वर घे." मला काहीच कळायचं नाही, माझ्या कानाला तर झकास लागलेला असायचा. शेवटी घरी येऊन मोबाइलवर एक फुकटचं ट्यूनर ॲप टाकलं, त्याच्यासमोर सा लावला, आकडा आला १३४. माझी पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर माझा सा बसतो ती, काळी १, तिचा सा असतो १३८.५९. म्हटलं साडेचार हर्ट्झ! एवढ्यासाठी सरांनी इतकं तोंड वाकडं करायचं? मग पुढच्या आठवड्यात तार सा (वरच्या सप्तकातला) पण तसाच साडेचारने खाली लागला, २७७ च्या जागी साधारण २७२.५, आणि सर नुसतं "हं, किंचित" म्हणून पुढे गेले. फरक तोच, एकदा ओरडा आणि एकदा "हं".

हे कोडं सुटता सुटता मला सूर आणि फ्रिक्वेन्सीचं नातं बऱ्यापैकी समजलं, तेच इथे पायरी पायरीने लिहितोय. लागणारं सामान म्हणजे मोबाइल, हर्ट्झ आणि सेंट दोन्ही दाखवणारं (ते काय ते पुढे येतंच) कुठलंही ट्यूनर ॲप, जमलं तर पेटी, तानपुरा किंवा तानपुऱ्याचं ॲप, आणि एक जुनी सायकल. हो, सायकल.

पायरी १. सायकल उलटी करा

सीट आणि हँडलवर सायकल उलटी उभी करा आणि जुन्या लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा मागच्या चाकाच्या आऱ्यांना, रिमच्या जवळ, हलकेच टेकवून धरा (बोटं लांब ठेवा, हे सांगायला लागू नये पण सांगतो). पेडल हळू फिरवलं की टक, टक, टक, एकेक टकटक वेगळी मोजता येते. वेग वाढवत जा. एका ठिकाणी टकटक संपते आणि टर्रर्र असा सलग आवाज सुरू होतो, अजून वेग वाढवला की तो आवाज चक्क वर चढतो, सा रे ग म सारखा. आपण नवीन काहीच केलेलं नाही, फक्त सेकंदाला पडणाऱ्या टपल्या वाढवल्या.

माझ्या सायकलला मोजले तर ३६ आरे निघाले. म्हणजे चाक सेकंदाला एकदा फिरलं तर ३६ टपल्या, चारदा फिरलं तर १४४. ही १४४ म्हणजे फ्रिक्वेन्सी, आणि "सेकंदाला इतक्या वेळा" याचंच एकक हर्ट्झ, हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. १४४ हर्ट्झचा सूर पेटीवर शोधायला गेलात तर तो काळी १ आणि पांढरी २ च्या मधे कुठेतरी बसतो, पेटीत त्याला पट्टीच नाही, पण कानाला तो सूरच आहे.

गळ्यात पण हेच चालतं. स्वरतंतू मिटतात उघडतात, मिटतात उघडतात, फुप्फुसातून येणाऱ्या हवेला तेवढ्या वेळा दाबून सोडतात. काळी १ चा सा लावणाऱ्या पुरुषाच्या गळ्यात हे सेकंदाला १३८ पेक्षा जास्त वेळा होतं. बायकांचे स्वरतंतू आखूड आणि पातळ, त्यामुळे ते भराभर हलतात आणि आवाज वरच्या पट्टीत असतो. गळ्यातली हवा वाहत वाहत ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जात नाही बरं का, दाब पुढे सरकतो, लोकलच्या दारातल्या गर्दीत मागून धक्का आला की तो पुढपर्यंत पोचतो पण माणूस आपल्या जागीच असतो, तसं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे १३८ हर्ट्झची एक लाट सुमारे अडीच मीटर लांब पडते. खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा ६९ हर्ट्झचा, त्याची लाट जवळजवळ पाच मीटर, आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा लांब.

पायरी २. "आवाज वाढव" आणि "आवाज चढव" वेगळं करा

आपल्या बोलण्यातच हा गोंधळ आहे. "आवाज वर कर" म्हणजे टीव्हीचा आवाज मोठा करायचा की सूर वर न्यायचा? दोन्हीला आपण वरच म्हणतो. ॲप उघडा, तुम्हाला सहज लागेल तो सूर धरा, आधी अगदी हळू, मग मोठ्याने. आकडा तोच राहायला पाहिजे. मोठा आवाज म्हणजे हवेवरचा दाब जास्त, पण सेकंदातल्या फेऱ्या तेवढ्याच. आता नवख्यांचं हमखास असं होतं की जोर लावला की सूरही पाच-दहा हर्ट्झ चढतो आणि दम संपत आला की उतरतो, तो गळ्याच्या सवयीचा भाग आहे. आठवडाभर रोज पाच मिनिटं हाच एक व्यायाम केला तरी पुष्कळ फरक पडतो, मला पडला.

पायरी ३. आपली पट्टी शोधा

ॲपवर सी शार्प, डी वगैरे अक्षरं येतात, क्लासमध्ये मात्र काळी १, पांढरी ४ अशीच भाषा. पुरुषांच्या सा च्या सप्तकातले आकडे असे:

पांढरी १ (सी): १३०.८१
काळी १ (सी शार्प): १३८.५९
पांढरी २ (डी): १४६.८३
काळी २ (डी शार्प): १५५.५६
पांढरी ३ (ई): १६४.८१
पांढरी ४ (एफ): १७४.६१
काळी ३ (एफ शार्प): १८५.००
पांढरी ५ (जी): १९६.००
काळी ४ (जी शार्प): २०७.६५
पांढरी ६ (ए): २२०.००
काळी ५ (ए शार्प): २३३.०८
पांढरी ७ (बी): २४६.९४

सकाळी उठल्या उठल्या हे करू नका, तेव्हा सगळ्यांचाच आवाज खाली असतो. दुपारी किंवा संध्याकाळी आ काराने खाली खाली जा आणि जिथपर्यंत आवाज भरीव येतोय, नुसती खरखर होत नाहीये, तिथला आकडा लिहून घ्या. हा तुमचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प धरा. त्याला चारने गुणा, तीनने भागा, मधल्या सा चा आकडा हातात. माझा खालचा सूर १०४ आला, चार तृतीयांश केलं की १३८.७, म्हणजे काळी १. बायकोचा १५६ आला, तिचा झाला २०८, म्हणजे काळी ४. पुरुष साधारण काळी १-काळी २ च्या आसपास आणि बायका काळी ४-काळी ५ च्या आसपास गातात असं आपण ऐकतो ना, ते हेच. हा आकडा अंदाजासाठी आहे हं, शेवटी वर तार गंधार-मध्यम-पंचमाला गळा किती मोकळा जातो ते बघून सर किंवा बाई ठरवतील तीच पट्टी.

यात एक गंमत बघा, माझा पंचम आणि बायकोचा सा एकच. काळी १ चा प म्हणजेच काळी ४. पंडित जसराजांनी बसवलेली जसरंगी जुगलबंदी अशाच नात्यावर उभी आहे, फक्त तिथे पुरुषाचा मध्यम तोच बाईंचा सा असतो, दोघं आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात आणि सूर मात्र तेच वापरले जातात. आमच्याकडे अजून भजनापुरतीसुद्धा जुगलबंदी जमलेली नाही.

पायरी ४. वजाबाकी सोडा, पट काढा

माझं कोडं इथे सुटलं. वरच्या यादीत पांढरी १ ते काळी १ मधलं अंतर काढा, पावणेआठ हर्ट्झ. त्याच दोन पट्ट्या एक सप्तक वर, २६१.६३ आणि २७७.१८, अंतर साडेपंधरा. अजून एक सप्तक वर गेलात तर एकतीस. पेटीवर तिन्ही ठिकाणी एकाच पट्टीचा फरक आणि कानालाही तेवढाच, पण हर्ट्झ दर वेळी दुप्पट. कान हर्ट्झची वजाबाकी करतच नाही, तो पट बघतो. दुप्पट झाली की एक सप्तक, मग ती ६९ ची १३८ होवो नाहीतर २७७ ची ५५४.

ज्यांनी बँकेत नोकरी केलीय त्यांना हे एका वाक्यात कळेल: पेटी म्हणजे चक्रवाढ व्याज. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट, म्हणजे दर पट्टीला सहा टक्क्यांना थोडंसं कमी व्याज, आणि अशा बारा पट्ट्या चढलात की मुद्दल दुप्पट. सहा टक्क्याने पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते काढायचा ७२ चा नियम असतो ना, बहात्तर भागिले सहा, उत्तर बाराच. मला हे सुचलं तेव्हा इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला मित्राला फोन केला, तो बँकेतच आहे, तो म्हणाला झोप.

आता सेंट. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे कानाच्या हिशेबाने शंभर सारखे भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. सप्तकात बाराशे. माझा १३४ चा सा १३८.५९ पासून ५८ सेंट खाली होता, म्हणजे अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त, सरळ सरळ बेसूर, मधल्या फटीत पडलेला. वर २७७ जवळ तेवढेच साडेचार हर्ट्झ म्हणजे २९ सेंट, कणसूर म्हणता येईल असा. सर बरोबर होते. म्हणून ॲप बघताना हर्ट्झ एकदा बघून घ्या आणि सराव करताना सेंटच्या काट्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला वीस सेंटच्या आत सूर टिकला तरी खूश व्हा.

पायरी ५. तारेशी खेळा, पण बेताने

तारेची फ्रिक्वेन्सी तीन गोष्टींवर ठरते: लांबी, ताण आणि वजन. लांबी निम्मी केली की फ्रिक्वेन्सी दुप्पट, तानपुऱ्याच्या तारेला बरोबर मधोमध बोट टेकवून छेडा, वरचा सा ऐकू येईल. ताणाचं मात्र तसं नाही, दुप्पट फ्रिक्वेन्सीला ताण चौपट लागतो. हे मला माहीत नव्हतं म्हणून मी काळी १ ला लावलेला तानपुरा बायकोसाठी खुंटी पिळून काळी ४ ला चढवायला निघालो. दीडपट फ्रिक्वेन्सी, म्हणजे ताण सव्वादोन पट. जोडाची (मधल्या दोन सा च्या तारांपैकी एक) तार तुटली आणि मनगटावर सपकन बसली, वळ चार दिवस होता. बायकांचा तानपुरा मुळातच आखूड बांध्याचा आणि बारीक तारांचा का असतो ते त्या दिवशी समजलं. मिरजेत दोन्ही मापांचे बनतात, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

वजनाचं उदाहरण त्याच तानपुऱ्यात आहे. शेवटची खर्जाची तार जोडाच्या तारांइतकीच लांब, पण फ्रिक्वेन्सी निम्मी, कारण ती जाड पितळी असते. बारीक फरकासाठी खुंटीला हात लावू नका, घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात तिच्या) खालचा मणका सरकवा, तो एक-दोन हर्ट्झच्याच कामाचा आहे.

पेटीत तारा नाहीत, पितळी सूर असतात, पातळ पट्टी आणि तिची हलणारी जीभ. पेटी दुरुस्त करणारे जिभेचं टोक कणभर घासतात, टोक हलकं झालं की सूर चढतो, आणि मुळाशी घासलं की ती लवचीक होऊन सूर उतरतो. बघायला सोपं वाटतं. घरी करू नका, घासलेलं पितळ परत येत नाही.

पायरी ६. ॲप फसतं ते ओळखा

पहिलं म्हणजे सप्तक चुकतं. पेटीत बहुतेक वेळा एका पट्टीखाली दोन सूर असतात, खर्ज आणि नर, म्हणजे एक पट्टी दाबली की १३८ आणि २७७ दोन्ही वाजतात. ॲप कधी हे दाखवतं कधी ते. घाबरू नका, दुप्पट-निम्मं आलं तर सूर बरोबरच आहे.

दुसरं, मोबाइलवरचा तानपुरा. खर्जाची तार ६९ हर्ट्झची, आणि मोबाइलचा एवढासा स्पीकर तेवढा खालचा आवाज जवळजवळ काढूच शकत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो! कारण तारेतून नुसते ६९ निघत नाहीत, १३८, २०८, २७७, ३४६ असे तिच्या पटीतले सगळे निघतात, आणि ते सगळे ६९-६९ च्या अंतरावर आहेत हे बघून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे सूर ही शेवटी मेंदूने ठरवायची गोष्ट आणि फ्रिक्वेन्सी मोजायची. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात, इथे मोजायला काही नसून ऐकू येतं.

तिसरं, पेटीच वेगळ्या मापाची असते. ॲप गृहीत धरतं की वरच्या सप्तकातली पांढरी ६ म्हणजे ४४० हर्ट्झ. हे माप १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं आणि १९५५ साली आयएसओने घेतलं, पण आमच्या घरच्या आजोबांच्या पेटीला ते कोणी कळवलेलं नाही. तिची काळी १ दाखवते २८३, म्हणजे ३६ सेंट चढी. पेटी स्वतःशी सुरात आहे, सगळ्याच पट्ट्या तेवढ्या चढ्या आहेत, त्यामुळे गायला काही अडत नाही. फक्त तिच्याबरोबर मोबाइलचा तानपुरा लावायचा तर तानपुऱ्याच्या ॲपमध्ये बारीक सूर वर घ्यायला लागतो, नाहीतर दोघं मिळून डोकं उठवतात.

चौथं, वीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यामुळे ट्रान्सफॉर्मर, जुनी ट्यूबलाइटची पट्टी, स्टॅबिलायझर सगळे १०० हर्ट्झने गुणगुणतात. शांत खोलीत ॲप उघडलं आणि कोणी गात नसताना १०० दाखवतंय तर ते हेच. कोपऱ्यावरच्या डीपीखाली उभं राहून ऐका, खालच्या सप्तकातल्या पांढरी ५ च्या थोडा वर लागतो तिचा सूर, फुकटचा तानपुरा आहे, फक्त पट्टी बदलत नाही.

पायरी ७. ठोके ऐका

इथून पुढे ॲप बाजूला ठेवलं तरी चालेल. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जवळजवळ सारख्या लावा, पण अगदी सारख्या नको. दोन्ही छेडल्यावर आवाज वाव्-वाव्-वाव् असा हेलकावे घेतो. एक १३८ आणि दुसरी १४० असेल तर सेकंदाला बरोबर दोन हेलकावे, फरक तेवढे हेलकावे. कधी दोन्ही लाटा एकत्र दाबतात आणि आवाज मोठा होतो, कधी एक दाबते तेव्हा दुसरी सोडते आणि आवाज बारीक होतो. आता मणका सरकवत जा, हेलकावे लांबतात, दोन सेकंदाला एक, चार सेकंदाला एक, आणि मग थांबतात. दोन तारा एक झाल्या. त्या क्षणी तानपुरा जो काही भरून वाजतो ना, तो ऐकायलाच हवा. गवई डोळे मिटून तासभर तानपुरा लावत बसतात ते हे हेलकावे घालवत बसलेले असतात, आणि अर्धा हर्ट्झसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नाही.

तानपुऱ्याऐवजी मोबाइलवरचा तानपुरा आणि तुमचा गळा घेऊनही हे करता येतं. हेडफोन नको, स्पीकरवर लावा, आणि सा धरून किंचित खालीवर व्हा.

पायरी ८. गंधाराची भानगड

तानपुरा नीट लागला आणि जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झणकार) मोकळी असली की खर्जाच्या तारेतून कोणी न गाता गंधार ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. गूढ काही नाही, खर्जाच्या ६९.३ ची पाचपट, ३४६.५ हर्ट्झ. (घोडीच्या सपाट पाठीमुळे आणि जवारीच्या दोऱ्यामुळे तानपुऱ्यात असे वरचे सूर इतके उठून येतात, यावर सी. व्ही. रामन यांनी गेल्या शतकाच्या विशीतच काम केलंय.) आता काळी १ पट्टीत पेटीवरचा गंधार म्हणजे पांढरी ४, तिचा तिथला आकडा ३४९.२. फरक पावणेतीन हर्ट्झ, सेंटमध्ये चौदा. दोन्ही एकत्र वाजवा, सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे स्पष्ट ऐकू येतील.

चूक कोणाचीच नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की कुठल्याही पट्टीत वाजवता येतं पण गंधार थोडा चढा राहतो, आणि तारेच्या पटीतून येणारा गंधार सा च्या सव्वापट, अगदी नेमका. पंचम मात्र पेटीतही दीडपटीच्या इतका जवळ आहे, दोनच सेंटचा फरक, की सहसा कळत नाही. हा वाद जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेच्या लांब्या मोजून श्रुतींचे (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचे) आकडे बसवले आणि १९१० साली छापले, त्या प्रयोगांना गळा किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता. पुढे आकाशवाणीने १९४० साली पेटी बंदच केली, ती बंदी १९७१ साली सैल झाली.

मग नवख्याने काय करायचं? सुरुवातीचे सहा महिने पेटीवर निश्चिंत शिका, सा आणि प पक्के होऊ द्या. नंतर पेटी बंद करून फक्त तानपुऱ्यावर गंधार लावा, हेलकावे पूर्ण थांबेपर्यंत सूर हळूहळू खाली आणा. तेव्हा ॲप चालू असेल तर काटा चौदा सेंट खाली दाखवेल, वर लाल दिवाही लागेल. माझा तसा लागला तेव्हा सरांनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान डोलावली, आणि मी मोबाइल पालथा घातला.